वर्धा, सेगाव, पवनार : एका पायफेरीचा इतिहास

वर्धा शहराभोवतीचा काळ्या मातीचा मुलूख कापसासाठी प्रसिद्ध असला, तरी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्याच्याकडे देशाचे लक्ष वळले ते शेतीमुळे नव्हे, तर त्या शिवारातून पायी ये-जा करणाऱ्या माणसांमुळे. शहरातील मगनवाडी, पूर्वेकडील सेगाव आणि धाम नदीकाठचे पवनार ही तीन ठाणी जोडली असता जी फेरी तयार होते, तिचा इतिहास म्हणजे एका अर्थाने गांधीजींच्या ग्रामनिवासाचाच इतिहास होय.

ही फेरी सोपी कधीच नव्हती. येथील ही काळी, म्हणजे रेगूर, माती उन्हाळ्यात रुंद भेगांनी तडकते आणि पावसात फुगून इतकी चिकट होते की, पांदणीतून, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवरून, बैलांनाही गाडी ओढवेनाशी होते. अशा वेळी पायी चालणाऱ्याला धुऱ्याचा, अर्थात दोन शेतांमधील बांधाचा, आधार घ्यावा लागतो. सखल भागात साचणाऱ्या पाण्यामुळे हिवतापाचा उपद्रव मोठा होता, आणि १९३६ साली खुद्द गांधीजींनाही त्या तापाने गाठले.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात आले. गावच्या मालगुजारीचा, म्हणजे सारावसुलीच्या हक्कासह असलेल्या जमीनदारीचा, मोठा हिस्सा वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्याकडे होता, आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन आधीपासूनच तेथे राहत होत्या. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मुख्यालय असल्याने कागदपत्रे आणि माणसे यांची वाहतूक मगनवाडी ते सेगाव या आठेक किलोमीटरच्या वाटेवर सतत चाले. या वाटेचा खरा भार वाहिला तो गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी. मगनवाडीत मुक्काम असल्याने ते वर्ध्याच्या कडक उन्हातही सेगावला पायी जात आणि परतत, क्वचित दिवसातून दोनदा. पुढे खालावलेल्या त्यांच्या प्रकृतीचा विचार करताना ही पायपीट नजरेआड करता येत नाही, आणि आश्रमाच्या साधेपणाचे कौतुक करणाऱ्या लेखनात तिची किंमत फारशी मांडली जात नाही.

पायी चालणे ही सेगावात केवळ सोयीअभावी आलेली गोष्ट नव्हती. सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्यात गांधीजी पाहुण्यांना वेळ देत, त्यामुळे अनेक चर्चा बैठकीऐवजी शिवारातच झाल्या. सेगावचा बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

फेरीतील तिसरे ठाणे, पवनार, सर्वांत जुने आहे. गांधीजींचे सहकारी विनोबा भावे १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने वर्ध्याजवळच्या नालवाडीहून पवनारला आले, आणि त्यांच्या परंधाम आश्रमाच्या परिसरात जमीन खणताना प्राचीन शिल्पे सापडली, त्यांपैकी काहींत रामकथेतील प्रसंग ओळखले जातात. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच प्राचीन वाकाटक राजवंशाची राजधानी प्रवरपूर असे प्रतिपादले. ते मत सर्वमान्य नसले, तरी १९६७ मधील उत्खननाने या गावाच्या दीर्घ वसाहतीचा पुरावा पुढे आणला.

पवनारहून पायवाटा पुढेही गेल्या. गांधीजींनी सुरू केलेल्या युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला केले आणि पुढील गावे गाठत असता चार दिवसांनी देवळी येथे त्यांना अटक झाली. मार्च १९५१ मध्ये ते याच परिसरातून हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले, आणि संमेलनानंतर तेलंगणातील गावांतून फिरत असता १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीत त्यांना भूदान चळवळीतील, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याच्या चळवळीतील, पहिली जमीन मिळाली.