कौलारू कृमीची ओळख

उत्तर युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं दगड उलटला, तर त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेला एक चपटा कृमि पुष्कळदां दिसतो. त्याच्या पाठीवरील खवले घराच्या कौलांप्रमाणें एकमेकांवर चढलेले असतात. स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस यानें १७६७ सालीं त्यास ‘अफ्रोडिटा इंब्रिकाटा’, म्हणजे ‘कौलारू अफ्रोडिटा’, असें नांव दिलें, तें यावरूनच. अफ्रोडिटा ही ग्रीकांची समुद्रफेनांतून जन्मलेली सौंदर्यदेवता. चिखलांतल्या किड्यास तिचें नांव मिळावें, ही मौजच. परंतु पुढील घोटाळ्याचें मूळहि याच नांवांत होतें.

लिनिअसनें १७५८ सालींच निरनिराळे खवलेदार कृमि या एका प्रजातींत गोवले होते. एका नांवाखालीं एवढी गर्दी झाल्यावर जातिजातींतील भेद ओळखावा कशानें? रंगावर भिस्त ठेवावी, तर हा कृमि कधीं करडा, कधीं तांबूस, कधीं काळा, तर कधीं पाठीवर उभा पट्टा असलेला! डेन्मार्कच्या म्युलरनें १७७६ सालीं ‘अफ्रोडिटा सिराटा’ ही जाति वर्णिली. ती पुढें हाच कौलारू कृमि ठरली.

या गुंत्यांतून वाट काढली ती शरीररचनेच्या बारकाईनें. लीच यानें १८१६ सालीं ‘लेपिडोनोटस’ ही प्रजाति वेगळी काढली. त्यानंतर ‘यूजेनी’ या स्वीडिश जहाजावरून १८५१ ते १८५३ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या किनबर्गनें १८५६ सालीं या कृमींची नवी मांडणी केली. तींतील ‘हार्मोथो’ या प्रजातींत कौलारू कृमीस अखेर घर मिळालें.

दोहोंतील भेद मोजून पाहतां येतो. लेपिडोनोटसच्या पाठीवर खवल्यांच्या बारा जोड्या. त्या दुसऱ्या, चौथ्या, पांचव्या, सातव्या आणि पुढें एकाआड एक तेविसाव्या वलयापर्यंत असतात. हार्मोथोमध्यें सव्विसाव्या, एकोणतिसाव्या व बत्तिसाव्या वलयांवर आणखी तीन, म्हणजे एकूण पंधरा. कौलारू कृमि डिवचला असतां खवले सहज टाकून देतो. पण खवला ज्या उंचवट्यावर बसतो तो वलयावर राहतोच, म्हणून उघड्या पाठीवरूनहि हिशेब जुळतो. हार्मोथोच्याच भाईबंदांतून त्यास निवडावयाचें, तर डोळे पाहावे: पुढची जोडी डोक्याच्या पुढील टोकांखालीं दडलेली असते.

ही मोजदाद म्हणजे नुसता पंडितांचा वाद नव्हे. कौलारू कृमीची मादी आपलीं अंडीं खवल्यांखालीं जपते, आणि त्याचे खवले अंधारांत प्रकाशतात. बारा जोड्यांचा लेपिडोनोटस स्क्वामाटस प्रकाशत नाहीं. ओळख चुकली, तर एकाचें चरित्र दुसऱ्याच्या नांवावर लिहिलें जावयाचें.

रंगाची फसवणूक मात्र अद्यापि संपलेली नाहीं. खोल समुद्रांतील चकाकणाऱ्या खवलेदार कृमींच्या चार नव्या जाती २०२० सालीं वर्णिल्या गेल्या. त्यांपैकीं एकीचे गुलाबी आणि निळे नमुने प्रथमदर्शनीं भिन्न वाटले होते. आनुवंशिक द्रव्य तपासतां ते एकाच जातीचे निघाले. खवला जाड होत जातो, तसा निळेपणा वाढतो, एवढेंच! लिनिअसच्या काळीं भिंग होतें, आज प्रयोगशाळा आहे. परंतु डोळ्यांत प्रथम भरतें तें लक्षण पारखून घ्यावें, हा धडा जुनाच आहे.