चाकूच्या खटक्याची गोष्ट

घडीच्या चाकूने काम करताना पाते अचानक मिटते आणि बोट कापते. असे का होते? पाते ही एक तरफ आहे. समजा, पात्याच्या टोकाशी, रिव्हेटपासून ८ सें.मी.वर, आपण १ किलोग्रॅम भार दिला. पाते अडवणारा खटका रिव्हेटपासून जेमतेम अर्धा सें.मी.वर असेल, तर त्याला १६ किलोग्रॅम भार पेलावा लागेल!

फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेल्या लाकडी मुठीच्या चाकूला खटका नव्हता. पाते केवळ घर्षणाने उघडे राही. १९५५ मध्ये त्याचा मुलगा मार्सेल याने मुठीच्या तोंडाशी खाच असलेले पोलादी कडे बसवले. पाते उघडून कडे फिरवले की खाच सरकते आणि पात्याची वाट बंद होते. २००० पासून मिटलेले पातेही या कड्याने अडकवता येऊ लागले.

कडे मजबूत आहे, पण फिरवायला विसरलो तर? १९८० च्या दशकात अमेरिकेतील मायकेल वॉकरने सुधारलेल्या खटक्यात मुठीतली लवचीक पट्टी आपोआप पात्यामागे येते. मात्र ती टेकते त्या उतारावर घर्षण कमी पडले, तर ती निसटू शकते.

म्हणजे मजबुती वेगळी आणि भरवसा वेगळा. खटका किती भार पेलतो, एवढेच विचारून भागत नाही. तो दर वेळी नीट बसतो का, हेही आपण पाहायला हवे. वर्गात तरफ शिकवताना हा प्रश्न जरूर विचारू या.