पुस्तक त्यांचं, इंग्रजी आपलं

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. मिशनच्या शाळेत मुलं घालू नका, इंग्रजीच्या नावाखाली धर्म शिकवतात, वगैरे. खाली तीस-चाळीस अंगठे. आणि त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्याच एकाने विचारलं, "चिपळूणला चांगली इंग्लिश मीडियम कुठली? बस पोफळीपर्यंत येते का?"

हसू आलं, पण कुणाला हसायचा हक्क मला नाही. कारण माझं इंग्रजीच मुळी एका ख्रिस्ती प्रार्थनेच्या पुस्तकातून आलेलं आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं काम चालू होतं. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी, सगळीकडे बाहेरगावची माणसं. कॉलनीत केरळातल्या एक नर्सबाई राहायच्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आम्ही मराठी माध्यमाची पोरं, इंग्रजी पाचवीला सुरू झालेलं आणि सातवीत आलो तरी वाचता येत नव्हतं. सिस्टरच्या मुलाबरोबर खेळायला जायचो. एकदा त्यांनी आम्हा तिघांना बसवलं आणि एक जाडसर छोटं पुस्तक पुढ्यात ठेवलं. रोज एक पान. वर तारीख, तिच्याखाली बायबलमधली एक ओळ, मग दहा-बारा ओळींची गोष्ट, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. आज ज्या तारखेचं पान, तेच वाचायचं. एक दिवस चुकला की पान मागे पडायचं, आणि ते आम्हाला सहन व्हायचं नाही.

घरी बाबांच्या कानावर गेलं. बाबा पॉवर हाऊसला होते, तसे शांत. पण त्या रात्री आईला म्हणाले, "पोराला बाटवणार तर नाही ना?" सिस्टरना कुणीतरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून त्या आमच्या दारात. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "भाऊ, पुस्तक माझं आहे, इंग्लिश याचं आहे. तुम्ही नको म्हणा, मी पेपर घेऊन शिकवते." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शिकवा तुम्ही. पुस्तक आहे तेच ठेवा."

दीड वर्षात मी इंग्रजी वाचायला लागलो. एक घोळ मात्र झाला. शाळेच्या निबंधात मी 'हॅज'च्या जागी 'हॅथ' लिहिलं आणि 'यू'च्या जागी 'दाऊ'. सर पेपर देताना वर्गात म्हणाले, "हे कुठल्या राणीच्या दरबारातलं इंग्रजी रे?"

सरांना चेष्टा करायची होती, पण नेम जवळजवळ बरोबर बसला होता. इंग्रजी बायबलचं ते जुनं भाषांतर १६११ सालचं, राजा जेम्सच्या काळातलं. आणि त्याच पुस्तकावर आपल्या कोकणातल्या पोरांनी इंग्रजी गिरवायला सुरुवात केली, त्यालाही आता पावणेदोनशे-दोनशे वर्षं होतील. पत्रकारितेत आल्यावर हा इतिहास मी जमेल तसा वाचत गेलो. तोच आज सांगायचाय.

सुरुवात उलटी आहे. पहिला इंग्रज इथे इंग्रजी शिकवायला आला नाही, तो आपली भाषा शिकायला बसला. १५७९ साली गोव्यात उतरलेले फादर थॉमस स्टीफन्स. कोकणी शिकले, मराठी शिकले आणि १६१६ साली ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून मोकळे झाले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! धर्म पोचवायचा तर तो लोकांच्या भाषेतच पोचतो, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

दोनशे वर्षांनी स्कॉटिश मिशनरी आले आणि तेही आधी कोकणातच उतरले. १८२३ साली बाणकोट, मग हर्णै. आज हर्णै म्हटलं की माशांचा लिलाव आणि सुवर्णदुर्ग आठवतो. पण या बंदरात आणि बाणकोटच्या खाडीकाठी मिशनने मराठी शाळा घातल्या होत्या. त्यांचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. मागून जेम्स मिचेल, स्टीव्हन्सन, नेस्बिट असे एकेक येत गेले. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला म्हणून पहिले काही महिने याच बाणकोट-हर्णै पट्ट्यात येऊन राहिले. मुंबईच्या चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. म्हणजे ज्यांच्या कॉलेजात पुढे पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या, ते स्वतः मराठीचा ओनामा दापोली तालुक्यात गिरवत होते.

विल्सननी १८३२ साली मुंबईत इंग्रजी शाळा काढली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी दोन वर्षं आधी हेच केलं होतं. हिशेब साधा होता. लोकांना इंग्रजी हवंय, मिशनला बायबल द्यायचंय, मग बायबलच इंग्रजीचं पाठ्यपुस्तक. हेतू त्यांनी कधी लपवला नाही, हे आधी नोंदवून ठेवू.

शिकवण्याची रीत बघितली तर ती आपल्याला परकी नव्हती. एक म्हणजे पाठांतर, त्याची तर आपल्याकडे पिढीजात सवय. दुसरं म्हणजे प्रश्नोत्तरी. स्कॉटिश चर्चची छोटी प्रश्नोत्तरी १०७ प्रश्नांची. गुरुजी प्रश्न विचारणार, पोरगं ठरलेलं उत्तर देणार. म्हणजे आजच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये चालतं तेच, फक्त विषय देवाचा. तिसरं म्हणजे समोरासमोर भाषांतर. विल्यम कॅरींच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ सालीच मराठीतलं मत्तयाचं शुभवर्तमान निघालं होतं, म्हणजे इंग्रजीशी ताडून बघायला मराठी मजकूर तयार. बनियनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' इंग्रजी घरांत बायबलच्या खालोखाल वाचलं जाई. तेही हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलं. गोष्ट एकदा मराठीत कळली की इंग्रजी वाक्याची भीती निम्मी होते, हे मी सिस्टरकडे अनुभवलंय.

उणीव होती ती भाषेच्या जातीची. बायबलचं इंग्रजी भारदस्त, पण कचेरीत अर्ज लिहायला किंवा पेढीवर हिशेब मांडायला त्याचा उपयोग बेताचा. ती गरज पुढे सरकारी वाचनमाला आणि आपल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने भागवली.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे गेलो तर हा इतिहास नाही, जाहिरात होईल.

१८३९ साली विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबई हादरली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलं काढून घेतल्यामुळे शाळा ओस पडायची वेळ आली. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून अजाण पोर, तोही मिशनकडे राहिला. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. पण घरी आलेल्या मुलाला जात परत घेईना! अशा वेळी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणून जो माणूस उभा राहिला, ते आपले बाळशास्त्री जांभेकर. पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ६ जानेवारीला आम्ही पत्रकार ज्यांच्या फोटोला हार घालतो, त्यांनी त्या काळी स्वतःच्या जातीचा रोष अंगावर घेतला.

या प्रकरणात मला दोन्ही बाजूंचा राग येतो. अजाण पोराला आईबापांपासून दूर ठेवणं हा मिशनचा दोष. आणि त्याला दारातून परत पाठवणं हा आपला.

पण मिशनचा हिशेब शेवटी जमला का? थोडीच मुलं ख्रिस्ती झाली. त्यातले एक बाबा पदमनजी, जन्म बेळगावचा, शिक्षण मिशनच्या शाळांत, बाप्तिस्मा १८५४. त्यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं, विधवांच्या दुःखाची कादंबरी. मोल्सवर्थच्या भल्याथोरल्या मराठी-इंग्रजी कोशाची आटोपशीर आवृत्ती १८६३ साली त्यांनीच केली. मिशनच्या बाकावरचा मुलगा पुढच्या पोरांच्या हातात शब्दकोश देऊन गेला.

बाकीचे बहुतेक सगळे इंग्रजी घेऊन आपापल्या वाटेने गेले. मिशनऱ्यांनाही हे कळत होतं. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये मुंबई-अहमदनगरकडे पाहणीला आले आणि इंग्रजी शाळा आवरत्या घ्या, मराठीतूनच काम करा, या मताचे निघाले. कारण उघड होतं. पोरं इंग्रजी शिकत होती आणि सरकारी नोकरीला लागत होती, चर्चकडे फिरकत नव्हती!

सगळ्यात मोठं उदाहरण जोतीराव फुल्यांचं. कोकणातलं स्कॉटिश मिशन पुढे पुण्याला हललं, बाणकोटचे जेम्स मिचेल तिकडे गेले. त्याच मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव १८४१ ते १८४७ शिकले. आणि शिकलेलं इंग्रजी घेऊन त्यांनी वाचला कोण? तर थॉमस पेन. चर्चच्या सत्तेलाही ज्याने सोडलं नाही, तो पेन. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी त्या इंग्रजीतून माणसाच्या हक्कांचा विचार उचलला आणि तो इथल्या जातीच्या उतरंडीला लावला. वाचायला एकदा आलं की पुढे काय वाचायचं, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता आपल्या तालुक्यातलं उदाहरण, जे त्या ग्रुपवाल्यांनी जरूर वाचावं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. जन्म १८८०, चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा. वडील दापोलीत वकील, म्हणून पांडुरंग दापोलीच्या एस.पी.जी. मिशनच्या हायस्कूलमध्ये. एस.पी.जी. म्हणजे लंडनची सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल, नावातच शुभवर्तमानाचा प्रसार. तिथून काणे गेले विल्सन कॉलेजात. हर्णैला मराठी शिकलेल्या माणसाच्या कॉलेजात दापोलीला इंग्रजी शिकलेला मुलगा! मिशनच्या शाळेत आणि मिशनच्या कॉलेजात वाढलेल्या या माणसाने पुढे काय लिहिलं? 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं, १९३० ते १९६२, आणि तेही इंग्रजीत. १९६३ साली भारतरत्न. हिंदू धर्मशास्त्रावर आज जगात कुणीही बोलायला उभं राहिलं तर काण्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

पालगडचे साने गुरुजीही दापोलीच्या मिशन शाळेतलेच. मुरूडचे महर्षी कर्वे मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूलमध्ये, तीही मिशनचीच. दापोलीची ती शाळा आज आल्फ्रेड गॅडने हायस्कूल म्हणून ओळखली जाते. मिशन गेलं, शाळा दापोलीकरांच्या संस्थेकडे आली, पण जुन्या मुख्याध्यापकाचं नाव गावाने पुसलं नाही. यातच सगळं आलं.

याचा अर्थ कुणीही यावं, आमच्या मुलांच्या हातात धर्माचं पुस्तक द्यावं आणि आम्ही गप्प बसावं, असा नाही. श्रीपतचा बाप कोर्टात गेला तो बरोबरच गेला. पण त्या काळी बापाला विचारायची पद्धत नव्हती, आज कायदा आहे. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते असलं तर मुलावर सक्ती नाही, अजाण मुलासाठी पालकाची संमती हवी. हा नियम सगळ्या धर्मांच्या पुस्तकांना सारखाच लागू. तेव्हा शाळेत जा आणि सरळ विचारा. संमती घेतली का? नको म्हटलं तर मूल वर्गाबाहेर बसू शकतं का? हे विचारणं पालकाचा हक्क आहे. मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा ते अवघड आहे, एवढंच.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारू. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी सातवीतलं पोर इंग्रजी पान वाचताना अडखळतं, जसा मी अडखळत होतो. ही जागा रिकामी आहे तोवर ती कुणीतरी भरणारच. कुणी फी घेऊन भरेल, कुणी देवाचं नाव घेऊन भरेल. वाघिणीचं दूध म्हणून इंग्रजीचं कौतुक आपण शंभर-सव्वाशे वर्षं करतोय. पण गावातल्या पोराला ते कुठे मिळतं, याची चौकशी मात्र करत नाही.

चौथ्या टप्प्याचं काम संपलं, माणसं पांगली. सिस्टर कधीच केरळला परत गेल्या. जाताना त्यांनी ते पुस्तक मला दिलं, पहिल्या पानावर आम्हा तिघांची नावं लिहून. अजून माझ्याकडे आहे. देव्हाऱ्यात नाही आणि अडगळीतही नाही, शब्दकोशाशेजारी आहे. मी जसा होतो तसाच हिंदू आहे, गणपतीला तसाच राबतो. फक्त इंग्रजी बातमीचं भाषांतर करताना कुठे अडलो, तर बाबांचं ते वाक्य आठवतं.

"शिकवा तुम्ही. पुस्तक आहे तेच ठेवा."

आठवी शिकलेल्या माणसाला जे कळलं होतं, ते आपल्याला का कळू नये?