‘तुंबाड’ आणि प्रेक्षकमताचा इतिहास

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यात नामांकित तारा नव्हता. हस्तर हा राक्षसही क्वचितच दिसतो. भय माणसाच्या लोभातून संथपणे वाढत जाते. व्हेनिस महोत्सवात दाखविला जाऊनही त्यास प्रारंभी मर्यादित प्रेक्षक लाभला. पुढे तो घरोघरी ऑनलाइन पाहिला गेला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुनःप्रदर्शित झाल्यावर त्याचे उत्पन्न मूळ प्रदर्शनाहून अधिक झाले. चित्रपट तोच होता. बदलले ते प्रेक्षकमत. म्हणून पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नास अंतिम कौल मानणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अपुरे ठरते. बीडसारख्या जिल्ह्याचा चित्रपट-इतिहास लिहितानाही तिकीटविक्रीच्या आकड्यांबरोबर प्रेक्षकांची उशिरा व्यक्त झालेली मते मौखिक साधन म्हणून नोंदविणे आवश्यक आहे.