अन्न आणि बुद्धिभ्रंश

माणसाच्या मनावर संगतीचा, संगीताचा, फार काय ग्रहांचाही परिणाम होतो असें मानणाऱ्या गृहस्थास स्वतःच्या ताटाचा संशय मात्र सहसा येत नाहीं. म्हणून एका अमेरिकन डॉक्टरची हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडतों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत पेलाग्रा नांवाच्या रोगानें थैमान घातलें होतें. रोग्याची कातडी काळवंडून खरबरीत होई, अतिसार जडे आणि शेवटीं बुद्धिभ्रंश होई. वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी पुष्कळ असत. रोग सांसर्गिक आहे असाच बहुतेकांचा ग्रह होता. १९१४ सालीं सरकारनें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस चौकशीवर नेमलें. त्यांनीं पाहिलें कीं, रोग होतो तो इस्पितळांतील रोग्यांस. त्यांच्यांत दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांस नाहीं. जंतु कांहीं हुद्दा पाहून जडत नाहींत! भेद होता तो ताटांत. रोग्यांच्या वांट्यास मुख्यत्वें मका आणि काकवी. दूध, अंडीं, मांस हीं क्वचित्. मिसिसिपींतील दोन अनाथाश्रमांत हे पदार्थ सुरू होतांच पेलाग्रा नाहींसा झाला. पुढें १९१५ सालीं, सुटकेच्या आश्वासनावर राजी झालेल्या ११ कैद्यांस त्यांनीं निकस अन्नावर ठेविलें. सहा जणांस रोग झाला. बंदिवानाच्या अशा संमतीस संमति म्हणावें काय, हा प्रश्न मला टोचतो.

तरी संसर्गवादी ऐकेनात. तेव्हां १९१६ सालीं गोल्डबर्गर यांनीं रोग्यांचें रक्त स्वतःस टोचून घेतलें, त्यांच्या कातडीचे पापुद्रे व मळही गिळला. पत्नी मेरी यांनींही रक्त टोचून घेतलें. कोणासही पेलाग्रा झाला नाहीं. खरी अडचण निराळीच होती. रोगाचें कारण दारिद्र्य, हें कबूल कोणीं करावें? १९२१ सालीं अध्यक्ष हार्डिंग यांनीं मदतीची गोष्ट काढतांच दक्षिणेंतील पुढाऱ्यांस तो आपला अपमान वाटला.

गोल्डबर्गर १९२९ सालीं वारले. १९३७ सालीं एल्व्हेजेम यांनीं तें उणें द्रव्य, निकोटिनिक आम्ल, ओळखलें. तें मिळतांच भ्रमिष्ट झालेले कित्येक रोगी थोड्याच दिवसांत भानावर आले. मेक्सिकोंतील लोक पूर्वींपासून मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत व त्यामुळें हें द्रव्य मोकळें होई. मका युरोपांत गेला. चुना मागें राहिला.

आणि हें केवळ मक्यापुरतेंच नव्हे. दख्खनमध्यें मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा होतो, याकडे १९६० च्या सुमारास हैदराबादेंत डॉ. गोपालन यांनीं लक्ष वेधलें.