शट डाऊन केलं तरी कॉम्प्युटर बंद का होत नाही?

रात्री काम संपवून तुम्ही 'शट डाऊन'वर क्लिक करता. स्क्रीन काळी होते, पण सीपीयूचा पंखा घरघरतच राहतो. किंवा 'शटिंग डाऊन' लिहिलेल्या पडद्यावरचे ठिपके गोल गोल फिरतच बसतात. मग आपण काय करतो? थेट भिंतीवरचं बटण बंद. त्याच वेळी अपडेट चालू असेल, तर विंडोजच्या फाइल्स अर्धवट लिहिल्या जाऊन सकाळी कॉम्प्युटर सुरूच न होण्याचीही शक्यता असते.

मुळात विंडोजमध्ये 'शट डाऊन' म्हणजे दरवेळी पूर्ण बंद नसतं. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक कॉम्प्युटरवर ती आधीपासून चालूच असते. यात तुमची ॲप्स बंद होतात, पण विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर्स यांची त्या क्षणाची स्थिती डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जपली जाते. पुढच्या वेळी तीच उचलून कॉम्प्युटर झटपट सुरू होतो. गोम अशी की एखादा ड्रायव्हर अडकला असेल, तर तो बिघाडही जपला जाऊ शकतो.

'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे "रीस्टार्ट करून बघ" हा सल्ला कितीही कंटाळवाणा वाटला तरी बरोबर आहे. बंद करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे!

तपासायचं कसं? शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग 'शट डाऊन'वर क्लिक करा. यात फास्ट स्टार्टअप वगळलं जातं. आता कॉम्प्युटर नीट बंद झाला, तर संशयित सापडला. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', त्यात 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा. तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढा. ती फिकट दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज'च्या ओळीवर आधी क्लिक करावं लागतं. एसएसडी असेल तर सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवत नाही, त्यामुळे ही सोय बंद ठेवायला हरकत नाही.

कधी कधी एखादं ॲप शट डाऊन अडवतंय असा मेसेज येतो. बहुतेकदा तिथे सेव्ह न केलेली फाइल असते. घाईत 'शट डाऊन एनीवे' दाबलंत तर ती गेली. 'कॅन्सल' करून आधी सेव्ह करा.

बंद होण्याऐवजी कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतोय? मग बंद होताना विंडोज क्रॅश होत असण्याची शक्यता आहे. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम' बघा. क्रमांक ४१ ची नोंद दिसली की अनेकजण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत तरी ती येते. १०७४ ची नोंद जास्त कामाची, कारण शट डाऊन किंवा रीस्टार्ट कोणत्या प्रोग्रॅमने मागितलं ते तिथे लिहिलेलं असतं. निळ्या स्क्रीनवर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' दिसलं, तर ग्राफिक्स, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर्स कंपनीच्या साइटवरून अपडेट करा. यूएसबीला जोडलेल्या वस्तू काढूनही एकदा बंद करून बघा.

आणि अडकलेल्या स्क्रीनचं काय? अपडेट चालू असल्याचं दिसत असेल, तर तास-दोन तास थांबा. त्यानंतरही काहीच हललं नाही, तरच पॉवर बटण साधारण १० सेकंद दाबून धरा.