असि : एक शब्द आणि एक नदी

काशीचा यात्रेकरू असी घाटावर स्नान करतो, तेव्हा आपण एका शस्त्राचे नाव उच्चारीत आहोत, हे त्याच्या ध्यानी क्वचितच येते. ‘असि’ म्हणजे तलवार. शुंभ-निशुंभांच्या वधानंतर दुर्गादेवीने आपली तलवार फेकली आणि ती जेथे पडली तेथून ही लहानशी नदी उगम पावली, अशी स्थलकथा आहे. उत्तरेस वरणा, दक्षिणेस असी आणि या दोहोंमधली ती वाराणसी, असा नगराच्या नावाचा अर्थही रूढ झाला.

देवीने तलवार ‘फेकली’, हे अर्थपूर्ण आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार ‘असि’ हा शब्द ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासूनच साधतात. परंतु फेकावयाचा तो बाण किंवा भाला. तलवार मुठीतच शोभते. तौलनिक भाषाशास्त्राने निराळी वाट दाखविली. लॅटिन भाषेत तलवारीला ‘एन्सिस’ म्हणतात, आणि ‘असि’ व ‘एन्सिस’ ही एकाच मूळ शब्दाची अपत्ये आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा शब्द मांस कापण्याच्या साहित्याबरोबर येतो. पुढे महाभारताच्या शांतिपर्वात मात्र भीष्म नकुलाला ब्रह्मदेवाच्या यज्ञातून झालेली असीची उत्पत्ती सांगतात. सुरीचे असे दिव्य शस्त्र झाले.

नगराच्या नावाची कथाही अशीच तपासावी लागते. वाराणसीची प्राचीन वसाहत राजघाटावर, वरणेच्या संगमाजवळ होती. तेथे 1940 साली सापडलेल्या अवशेषांनी व पुढील उत्खननांनी ते स्पष्ट केले. असी तेथून कित्येक किलोमीटर दक्षिणेस आहे. शिवाय ‘वरणा’ आणि ‘असि’ यांचा संधी केला तर ‘वरणासि’ होईल, ‘वाराणसी’ नव्हे. म्हणून नगराचे नाव एकट्या वरणेवरून पडले, असे अनेक विद्वान मानतात. नगर दक्षिणेकडे पसरले, तेव्हा त्याला दुसरी सीमा हवी झाली आणि ती सीमा जुन्या नावातच शोधली गेली.

म्हणून काही कथा टाकाऊ ठरत नाही. नाव कोठून आले हे ती सांगत नाही. त्या नावात लोकांना काय दिसले, हे सांगते. आज असी नदी नाल्याच्या रूपाने उरली आहे. मराठीतही ‘असि’ एकटा फिरत नाही. ‘असिधाराव्रत’ या शब्दात तेवढा जपला गेला आहे. परंतु याच घाटाशेजारच्या भदैनीत, तांबे यांच्या मराठी घरात, मनकर्णिका नावाची मुलगी जन्मली. 1858 साली झाशीची राणी म्हणून ती ग्वाल्हेरजवळ रणांगणात पडली. तिच्या हातची तलवार फेकण्यासाठी नव्हती.